पडणे आणि पडून राहणे

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी संध्याकाळी आपण सारे क्रुसाच्या वाटेची भक्ती करण्यासाठी देवळात जमतो. चौदा स्थानांपैकी तीन स्थाने प्रभू येशूच्या पडण्याची आहेत: तिसरे, सातवे आणि नववे. शुभवर्तमानांत या तीन पतनांचा उल्लेख नाही. चारही शुभवर्तमानकारांनी प्रभूच्या अखेरच्या यात्रेचे वर्णन केले. पण तो वाटेत किती वेळा पडला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. रात्रभर छळलेला, फटक्यांनी सोललेला देह तो भार घेऊन पडलाच असणार आणि एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा पडला असणार, हे ख्रिस्ती जनांच्या भक्तीने ओळखले. ज्यांना स्वतःच्या पडण्याचा अनुभव होता, अशा साध्या भाविकांनीच ही तीन स्थाने जपली असावीत, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

अशाच एका शुक्रवारी भक्ती आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पडवीत थांबले. वय पंचेचाळीसच्या आसपास, कारखान्यात पाळीची नोकरी, घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुले. राखेच्या बुधवारी त्यांनी सिगारेट सोडल्याचे घरात जाहीर केले होते. तेवीस दिवस पाळले. चोविसाव्या रात्री कारखान्यातील यंत्र बंद पडले, वरिष्ठांची बोलणी खावी लागली आणि पहाटे तीनच्या सुमारास चहाच्या टपरीवर सोबत्याने पुढे केलेली सिगारेट त्यांनी घेतली. सकाळी घरी परतताना त्यांनी पूर्ण पाकीट विकत घेतले. त्याला आता आठवडा होऊन गेला होता. सारी हकिकत सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मोडलंच ना, फादर? मग आता पुढच्या राखेच्या बुधवारीच बघू."

हे आम्ही त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत. ते पडवीत बोलले, प्रायश्चित्त संस्कारात नव्हे. तसे असते तर त्यातील एक अक्षरही येथे येऊ शकले नसते.

त्यांच्या वाक्यातील 'मग' या एका शब्दाशी आम्ही अडलो. 'मोडले' ही घडून गेलेली गोष्ट आहे. 'पुढच्या वर्षी बघू' हा निर्णय आहे. घडलेली गोष्ट आणि निर्णय यांच्यामध्ये 'मग' हा शब्द असा काही ऐटीत उभा असतो, की जणू एकातून दुसरे आपोआपच निघते. खरोखर तसे निघते काय? या लेखात आम्हांला एवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

तो शब्द आमच्या ओळखीचा होता, हेही कबूल केले पाहिजे. सेमिनरीतील दिवसांत जडलेली सिगारेटची सवय आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ बाळगली. दिवसाला आठदहा सिगारेटी. भाविकांना ठाऊक होते. कोणी काही म्हणत नसे. २०१४ सालच्या राखेच्या बुधवारी आम्ही ती सोडण्याचा निश्चय केला. विसाव्या दिवशी धर्मग्रामातील एका बावीस वर्षांच्या मुलाला मूठमाती द्यावी लागली. मोटारसायकलचा अपघात झाला होता. दफनविधी उरकून आम्ही दफनभूमीच्या भिंतीपाशी उभे होतो. मुलाचे एक नातलग शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी न बोलता पाकीट पुढे केले आणि आम्ही न बोलता त्यातील एक घेतली. चवही धड लागली नाही; डोके मात्र गरगरले.

त्या रात्री आम्ही मनाशी असा विचार केला: देवाला दिलेला शब्द मोडला. आता उरलेले दिवस निश्चय पाळत राहणे म्हणजे शुद्ध ढोंग. त्यापेक्षा आपण दुर्बल आहोत, हे नम्रपणे मान्य करावे. दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत सुरू झाले. त्याच आठवड्यातील शुक्रवारी नवव्या स्थानावरची प्रार्थना आम्ही भाविकांना मोठ्या आवाजात वाचून दाखवली, तेव्हा बोटांना तंबाखूचा वास येत होता. पुढचा खराखुरा प्रयत्न आमच्या हातून झाला तो २०१८ साली. चार वर्षे गेली. ती चार वर्षे दफनभूमीच्या भिंतीपाशी ओढलेल्या एका सिगारेटने घेतली, असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. आज तसे वाटत नाही. ती चार वर्षे त्या रात्री काढलेल्या निष्कर्षाने घेतली.

थोडे बारकाईने पाहू या. येथे एक कृती नाही, दोन आहेत. पहिली सिगारेट ही एक कृती. दुसरी सिगारेट ही निराळी कृती. दोन्ही एकाच माळेतील मणी भासतात, पण त्यांची उत्पत्ती भिन्न आहे.

पहिलीमध्ये देहाचा वाटा मोठा असतो. धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते आणि सवय झालेला मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. सोडल्यानंतर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि एकाग्रतेचा अभाव यांचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो. मग काही आठवड्यांत तो ओसरत जातो. परंतु जागा, वेळ आणि सोबत यांच्याशी जुळलेल्या आठवणी एवढ्या लवकर ओसरत नाहीत. चहाचा पेला, रात्रपाळी, दफनभूमीची भिंत, पावसाची पहिली सर, यांपैकी काहीही महिनोन्‌महिने झोपलेली तल्लफ जागी करू शकते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात तंबाखूच्या अतिरेकाचा उल्लेख संयमाच्या सद्गुणाविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींत केलेला आहे, हे खरे. पण तोच ग्रंथ असेही शिकवतो, की भय, दडपण आणि सवय यांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते. देवाचा न्याय वैद्यकाच्या ज्ञानाहून कमी सूक्ष्म असणार नाही.

दुसऱ्या सिगारेटची गोष्ट निराळी. ती ओढण्यापूर्वी माणूस विचार करतो. पाकीट विकत घेण्यासाठी तो दुकानात जातो, पैसे मोजतो आणि मनाला एक कारण देतो. ते कारण बहुधा 'मोडलेच आहे, मग' असेच असते. म्हणजे पहिली सिगारेट तल्लफ ओढते आणि दुसरी सिगारेट तर्क ओढतो. नीतीच्या दृष्टीने अधिक गंभीर असा क्षण पहिलीपाशी नसून पहिली आणि दुसरी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आहे. तेथे माणूस तुलनेने स्वतंत्र असतो, आणि तेथेच तो आपले स्वातंत्र्य टाकून देतो.

गंमत अशी, की मानसशास्त्रज्ञही स्वतंत्र वाटेने येथेच पोहोचले आहेत. ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन या अमेरिकन अभ्यासकांनी व्यसनाकडे परतण्याविषयीचा आपला ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध केला. एकदा घसरणे आणि पूर्ण माघारी जाणे या दोन भिन्न घटना आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. घसरलेला माणूस घडल्या गोष्टीचा अर्थ कसा लावतो, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. 'त्या रात्री मी दमलो होतो आणि टपरीवर गेलो', असे म्हणणारा सावरण्याची शक्यता अधिक. 'माझ्यात दमच नाही', असे म्हणणारा माघारी जाण्याची शक्यता अधिक. पहिला एका रात्रीविषयी बोलतो. दुसरा आपल्या साऱ्या आयुष्यावर निकाल देतो.

येथे एक खरा नैतिक पेच उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. प्रायश्चित्त संस्कारात आपण पुन्हा पाप न करण्याचा दृढ निश्चय करतो. ज्याला आपल्या सवयीची ताकद ठाऊक आहे, जो मागे चार वेळा पडला आहे आणि पाचव्यांदा पडण्याची भीती ज्याच्या मनात आहे, त्याचा निश्चय खरा मानायचा काय? की मोडलेला निश्चय हा मुळात निश्चयच नव्हता?

या प्रश्नापायी एका माणसाने फार मोठी किंमत दिली. चीनमधील मार्क जी तियानश्यांग हे १८३४ साली जन्मलेले कॅथलिक वैद्य. पोटाच्या दुखण्यावर त्यांनी स्वतःच अफूचे औषध घेतले आणि त्यांना अफूचे व्यसन जडले. ते वारंवार प्रायश्चित्त संस्काराला येत आणि वारंवार तेच पाप सांगत. अखेर धर्मगुरूंना वाटले, की या माणसाच्या निश्चयात तथ्य नाही. त्यांना पापविमोचन नाकारण्यात आले आणि सुमारे तीस वर्षे ते संस्कारांवाचून राहिले. ज्याला देवाच्या दारातच 'मग' ऐकवला गेला, तो माणूस काय करील? मार्क जी घरी बसले नाहीत. संस्कार नाकारले गेले तरी ते प्रार्थना करीत राहिले, ख्रिस्तसभेला धरून राहिले. १९०० सालच्या बंडाळीत ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, तेव्हा कुटुंबीयांसह त्यांनाही पकडण्यात आले. श्रद्धा न सोडता त्यांनी मरण पत्करले. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चीनमधील १२० रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. त्यांत हे वैद्यही होते. त्यांचे व्यसन सुटल्याची नोंद कोठेही नाही.

त्या धर्मगुरूंना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. व्यसन हा आजारही असतो, हे त्या काळी फारसे कोणी जाणत नव्हते. पण ख्रिस्तसभेने या बाबतीत आपले म्हणणे पुढे स्पष्ट केले आहे. १९९६ सालच्या मार्च महिन्यात कार्डिनल बाऊम यांना लिहिलेल्या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले, की पूर्वानुभवामुळे आणि स्वतःच्या दुर्बलतेच्या जाणिवेमुळे पुन्हा पडण्याची भीती वाटत असली, तरी तेवढ्यामुळे निश्चयाचा खरेपणा नष्ट होत नाही. निश्चय म्हणजे भविष्यवाणी नव्हे. 'मी पडणार नाही' असे भाकीत करणे आणि 'मला पडायचे नाही' अशी इच्छा धरणे यांत अंतर आहे. भाकीत एका घटनेने खोटे ठरते. इच्छा खोटी ठरते ती आपण तिला सोडून दिल्यावरच.

आता २०१४ सालच्या आमच्या त्या 'नम्रते'कडे वळू. आपण दुर्बल आहोत हे मान्य करणे ही नम्रता खरी; पण आम्ही त्या रात्री जे केले ते नम्रतेच्या वेषातील गर्वाचे काम होते, असे आज वाटते. आमची एक सुबक मूर्ती आम्ही मनात घडवली होती: चाळीस दिवस एकही सिगारेट न ओढणारा धर्मगुरू. तिला तडा गेला. तडा गेलेली मूर्ती आम्हांला नको होती; म्हणून आम्ही तिचे तुकडेच केले. देवाला मात्र त्या मूर्तीशी काही कर्तव्य नव्हते. त्याला उरलेले सव्वीस दिवस चालले असते. निष्कलंक नसेल तर काहीच नको, हा हट्ट देवाचा नाही. तो आपल्या अभिमानाचा आहे.

पेत्र आणि यहुदा यांच्याकडे पाहा. त्या एकाच रात्री दोघेही पडले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहुदाने तीस नाणी परत नेऊन दिली, आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे उघड कबूल केले. कबुलीच्या बाबतीत तो पेत्राच्या मागे नव्हता. अंतर पडले ते नंतर. यहुदाने आपला न्याय आपणच केला, निकाल दिला आणि शिक्षाही अमलात आणली. पेत्र रडला, आणि रडून झाल्यावर इतर शिष्यांतच राहिला. पेत्राने तीन वेळा नाकारले, तेव्हा प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला होता, असे संत योहान सांगतो. पुनरुत्थानानंतर तिबेर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने शिष्यांसाठी न्याहारी तयार केली तीही कोळशाच्या विस्तवावर. मूळ ग्रीक भाषेतील तो शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. प्रभूने पेत्राला त्या विस्तवापासून दूर नेले नाही. तसाच विस्तव पुन्हा पेटवला आणि त्याच्याजवळ बसवून तीन वेळा एकच विचारले: तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? 'का नाकारलेस', हे विचारले नाही. तीन नकारांच्या जागी तीन होकार आले, आणि लागलीच मेंढरे राखण्याचे काम सोपवले गेले.

यावर कोणी म्हणेल, "फादर, असे शिकवलेत तर लोक निश्चय करताना सुरुवातीलाच एक सिगारेट हिशेबात धरतील." ही शंका योग्य आहे. आशेविरुद्धची पापे दोन, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले आहे: एक निराशा, दुसरे क्षमा गृहीत धरून बेफिकीर होणे. पहिले म्हणते, आता काही उपयोग नाही. दुसरे म्हणते, काही बिघडत नाही. दोघांचा शेवट एकाच पाकिटापाशी होतो. म्हणून निश्चय करताना सवलत नको आणि पडल्यावर सबब नको, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे. 'एकच' म्हणून ओढलेली सिगारेट निरुपद्रवी नसते. घसरलेल्यांपैकी पुष्कळजण पूर्ववत ओढू लागतात, हा साऱ्या जगाचा अनुभव आहे. मात्र 'पुष्कळजण' म्हणजे 'सर्व' नव्हेत, आणि 'लागतात' म्हणजे 'लागलेच पाहिजे' नव्हे.

डब्लिनच्या मॅट टॅल्बट या मजुराची गोष्ट येथे आठवते. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही आरंभी केवळ तीन महिन्यांची. त्या सुरुवातीच्या काळात एकदा पाय त्याला गुत्त्यात घेऊनच गेले. गुत्तेवाला कामात होता, कोणी विचारपूस केली नाही, आणि तो तसाच बाहेर पडला. त्यानंतर त्याने खिशात पैसे ठेवणेच सोडले, असे सांगतात. पुढे तंबाखूही सोडली. दारूपेक्षा तीच त्याला जड गेली. १९२५ साली मरण येईपर्यंत तो शपथेला जागला, आणि १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला पूज्य म्हणून घोषित केले. त्याने आपल्या इच्छाशक्तीची फुशारकी मारली नाही. गुत्त्यात आपण कसे शिरलो, एवढे नीट पाहिले आणि त्यावर इलाज केला.

नीट पाहण्याची एक जुनी रीत संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात सांगितली आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्याला मान्यता दिली. एखादा विशिष्ट दोष सोडू पाहणाऱ्याने सकाळी उठताच निश्चय करावा, दुपारी आणि रात्री मागे वळून पाहावे आणि जितक्या वेळा घडले तितके ठिपके कागदावरील रेघेवर मांडावेत. पडल्याक्षणी छातीवर हात ठेवून दुःख व्यक्त करावे. चारचौघांत असतानाही कोणाला न कळता हे करता येते. मग आजची तुलना कालशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी करावी. पुस्तकातील आकृतीत आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा उत्तरोत्तर आखूड होत जातात. या रेघांनी आम्हांला फार धीर दिला. शेवटच्या दिवसाची रेघ आखूड आहे, पण ती आहे. ठिपक्याला जागा ठेवलेली आहे. संतांच्या हिशेबात ठिपका पडला म्हणून कागद फाडत नाहीत.

त्याच पुस्तकातील आणखी दोन सूचना या प्रसंगी उपयोगी पडतात. मन उदास, अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. पडल्यानंतरची रात्र अशीच असते. 'पुढच्या वर्षी बघू' हा निर्णय त्या रात्री घेऊच नये. दुसरी सूचना अशी, की सैतान चोरट्या प्रियकरासारखा वागतो, आपले बोलणे कोणाला कळू नये असे त्याला वाटते. म्हणून ते विश्वासाच्या माणसाला सांगून टाकावे. २०१८ साली सोडल्यानंतर जून महिन्यात, पहिल्या पावसाच्या दिवशी, रस्त्यात अडकून पडलो असता आम्ही एका टेम्पोचालकाकडून सिगारेट मागून घेतली. या खेपेस त्याच संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामातील मित्राला, तेही धर्मगुरूच आहेत, दूरध्वनी केला. त्यांनी उपदेश केला नाही. "दुसरी घेतलीत का?" एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग झोपा आता."

डॉक्टरांचा सल्लाही याहून वेगळा नाही. घसरल्यास उरलेले पाकीट पाण्यात भिजवून टाकून द्यावे. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ जागेवरून उठावे, पाणी प्यावे, कोणाशी बोलावे. निकोटिनचे च्युइंगगम किंवा पॅच चालू असेल तर एका घसरणीमुळे तो बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. कोणत्याही मदतीवाचून, केवळ स्वबळावर सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे पाहणीत आढळले आहे. तेव्हा मदत मागण्यात कमीपणा कसला? सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटांवरच छापला जातो. आणि हे केवळ सिगारेटवाल्यांसाठी आहे, असे कोणी मानू नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे आणि दातांना लावणारे कितीतरी अधिक आहेत. प्रौढांपैकी जवळजवळ चौघांत एक. विडी, जर्दा, मशेरी यांनाही हाच न्याय लागू आहे.

शेवटचे बोलणे घरच्या मंडळींशी. पडलेला माणूस रात्री घरी येतो तेव्हा त्याच्या सदऱ्याचा वास पत्नीला येतोच. "सांगितलं होतं ना, तुमच्याच्यानं होणार नाही," हे वाक्य ओठांवर येणे स्वाभाविक आहे. तिनेही तेवीस दिवस आशा धरलेली असते आणि तिचीही फसवणूक झालेली असते. तिचे दुःख खरे आहे. पण ते वाक्य पडलेल्याच्या मनातील 'मग'ला दुजोरा देते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ खोटे बोलत नव्हता. धाकट्याने पैसा उधळला होता, हे सत्यच होते. तरी बाप ते सत्य हातात घेऊन दारात उभा राहिला नाही. तो वाटेपर्यंत धावत गेला. कुठे होतात, काय झाले, जेवलात का, एवढे विचारले तरी वाट अर्धी होते. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात सांगितले आहे, की आपले मन पडले तर त्याच्यावर संतापू नये, त्याला सौम्यपणे उठवावे. आपल्या मनाशी जसे वागायचे, तसेच आपल्या माणसाशी.

पडवीत आलेल्या त्या गृहस्थांची खरी अडचण अशीच घरातली निघाली. त्यांची नऊ वर्षांची मुलगी भिंतीवरील कॅलेंडरवर रोज रात्री एक फुली मारीत असे. तेवीस फुल्या झाल्या होत्या. चोविसाव्या दिवसापासून ते "उद्या मार" म्हणून तिला टाळत होते. 'पुढच्या वर्षी बघू' या वाक्यामागे ती मुलगी होती. तिच्यासमोर पडलेला बाप म्हणून उभे राहण्यापेक्षा सोडून दिलेला बाप म्हणून राहणे त्यांना सोपे वाटत होते. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की फुलीचा मालक तुम्ही नाही. तिला खरे सांगा.

दोन दिवसांनी, रविवारच्या मिस्सानंतर, त्यांनी काय घडले ते सांगितले. त्यांनी तिला सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मग आज ओढलीत?" ते म्हणाले, "आज नाही." तिने पेन्सिल घेतली, मधले चौकोन कोरेच ठेवले आणि त्या दिवसाच्या चौकोनात फुली मारली.

दिवस पुन्हा शून्यापासून मोजावेत की पुढे चालू ठेवावेत, असे आम्हांला अनेकजण विचारतात. त्या मुलीने दिलेल्या उत्तराहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही. कोरे चौकोन कोरेच राहू द्यावेत. ते भरून टाकणे असत्य होईल. पण आधीच्या तेवीस फुल्या खोडण्याचा अधिकारही कोणाला नाही. ते दिवस पाळले गेले, ते देवाला अर्पण झाले, आणि अर्पण झालेले परत घेता येत नाही.

ते गृहस्थ आता कायमचे सुटले आहेत, असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो. त्यानंतरही ते एकदा घसरले आणि पुन्हा सावरले. आमच्याविषयीही आजच्या दिवसापलीकडचे आम्ही काही लिहीत नाही. येत्या प्रायश्चित्तकाळात आपण नवव्या स्थानापाशी गुडघे टेकू, तेव्हा एवढे ध्यानात ठेवू या, की प्रभू तेथे तिसऱ्यांदा पडला आणि तेथून उठून पुढे गेला. वाट नवव्या स्थानापाशी संपत नाही. पुढे अजून पाच स्थाने आहेत, आणि त्यांच्याही पलीकडे रविवारची पहाट आहे.